मागच्या रांगेतील प्रश्न

सामाजिक विषमता या विषयावरील एका विद्यापीठीय चर्चासत्राला अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचे अकरा विद्यार्थी घेऊन जाण्याचा योग गेल्या हिवाळ्यात आला. पवनीहून पहाटेची एस.टी. धरून निघालेली ही मुले-मुली सकाळी मोठ्या उत्साहात होती. कोणी त्यासाठी नवी वही घेतली होती, तर कोणी आदल्या रात्री बसून प्रश्न लिहून काढले होते. परतीच्या प्रवासात मात्र बराच वेळ कोणीच बोलेना. अंधार पडल्यावर शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने हळूच विचारले, "सर, आज दिवसभर जे चालले होते, ते आपल्याबद्दलच होते ना?" प्रश्नात उपरोध नव्हता. त्याला खरोखरीच जाणून घ्यावयाचे होते, आणि म्हणूनच उत्तर देणे मला जड गेले.

या चर्चासत्राचे स्थळ व संयोजक यांची नावे येथे देत नाही. जे तेथे घडले ते थोड्याफार फरकाने सर्वत्र घडते. एखाद्या संस्थेकडे बोट दाखवून मोकळे झाल्यास मूळ दुखणे झाकले जाईल. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय आणि शाल-श्रीफळ यांत सकाळचा दीड तास गेला. त्यानंतरचे बीजभाषण निःसंशय विद्वत्तापूर्ण होते. जिनी गुणांक होता, आलेखांवरील वक्ररेषा होत्या, फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ टॉमस पिकेटी यांच्या ग्रंथाचे सारही होते. परंतु ते सारे इंग्रजीत होते आणि पहिलीपासून बी.ए.पर्यंत मराठीतून शिकलेल्या या मुलांना त्यातील निम्मेअधिक उमगले नाही. दुपारी निबंधवाचन झाले. प्रत्येकाला सात मिनिटे दिली होती. निबंध वाचून होताच बहुतेक लेखक प्रमाणपत्राची चौकशी करून गाडी गाठावयास निघून जात होते. अखेरीस प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवलेला अर्धा तास आधीच्या वक्त्यांनीच संपविला. अध्यक्षांनी "वेळेअभावी" हा परिचित शब्द उच्चारला आणि समारोप झाला. आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतील प्रश्न वह्यांतच राहिले.

त्यांपैकी एका प्रश्नाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तो एका विद्यार्थिनीचा होता. तिचे घराणे ढिवर समाजातले, पिढ्यान्‌पिढ्या वैनगंगेवर मासेमारी करणारे. तिने चिठ्ठीवर लिहिले होते : "ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांचे धरणामुळे काय गेले, हे अर्थशास्त्रात कसे मोजतात?"

पवनी तालुक्यातील वाचकास या प्रश्नाची पार्श्वभूमी सांगावयास नको. इतरांसाठी थोडक्यात सांगावयाचे तर, वैनगंगेवर गोसीखुर्द येथे उभ्या राहिलेल्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. त्या वेळी ३७२ कोटी रुपयांचा असलेला अंदाजी खर्च पुढे कित्येक हजार कोटींवर गेला. गावे उठली, पुनर्वसनाची नवी गावठाणे वसली, आणि मोबदल्याचे वाद वर्षानुवर्षे चालले. या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी जो १८९४ चा भूसंपादन कायदा होता, त्याने मोबदल्याचा पाया जमिनीतील हक्क हा धरला होता. ज्याचा सातबारा, त्याचा मोबदला. नदीवर ज्याचा चरितार्थ चालतो पण नदीचा सातबारा ज्याच्या नावावर नाही, अशा माणसाला त्या कायद्याच्या भाषेत नावच नव्हते. ते नाव २०१३ च्या नव्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्याने दिले. शेतमजूर, कुळे आणि कारागीर यांच्याबरोबर पाण्यावर पोट असणारे मच्छिमार व नावाडी यांनाही "बाधित कुटुंबा"च्या व्याख्येत त्याने स्थान दिले. तोवर गोसीखुर्दच्या पायाभरणीला पाव शतक उलटून गेले होते.

म्हणजे काय झाले, पाहा. जो प्रश्न ध्यानी घ्यावयास देशाच्या कायद्याला ११९ वर्षे लागली, तो एका तालुक्याच्या गावातील मुलीने स्वतःच्या घराकडे पाहून विचारला होता. तो वाचावयास विषमतेच्या चर्चासत्रात पाच मिनिटे मिळाली नाहीत. त्या दिवशी वाचले गेलेले सर्व निबंध मी ऐकले. त्यांपैकी एकही या चिठ्ठीच्या तोडीचा नव्हता, असे म्हणताना मला अतिशयोक्तीची भीती वाटत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. विद्यार्थ्यांची निराशा ही नेहमीच वक्त्याच्या अपयशाची खूण नसते. सिद्धांत अवघड असतात आणि ते समजून घेण्याचे कष्ट ज्याचे त्यालाच करावे लागतात. जिनी गुणांक हे काही पंडितांचे खूळ नव्हे. कोणाच्या वाट्याला किती आले हे एका आकड्यात सांगण्याचे ते उपयुक्त साधन आहे, आणि ते विद्यार्थ्यांना आधी वर्गात नीट शिकविले असते तर सकाळचे भाषण त्यांना इतके परके वाटले नसते. हा दोष माझा आहे. शिवाय, आपल्या गावच्या दुःखाचे उत्तर एखादा मोठा माणूस येऊन तासाभरात सांगेल, ही अपेक्षाही भाबडीच. परंतु ही मुले उत्तर न मिळाल्यामुळे निराश झाली नव्हती. आपला प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे असे कोणाला वाटलेच नाही, ही त्यांची व्यथा होती. आणि हीच तर विषमतेची पहिली ओळख होय! मिळकत कमी असणे ही विषमतेची एक बाजू झाली. आपल्या बोलण्याला मोल नसणे ही तिची दुसरी आणि अधिक खोल बाजू आहे.

चर्चासत्र असेच असावयाचे, असा काही नियम नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात एका पंचवीस वर्षांच्या भारतीय विद्यार्थ्याने भारतातील जातींची उत्पत्ती, घडण आणि विकास या विषयावर निबंध वाचला. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर अशा नामवंतांनी केलेल्या जातीच्या व्याख्या त्याने एकेक करून तपासल्या, त्यांतील उणिवा दाखविल्या आणि जातीबाहेर विवाह न करण्याचे बंधन हेच जातिसंस्थेचे मर्म आहे, असे स्वतःचे प्रतिपादन मांडले. पुढील वर्षी तो निबंध प्रसिद्ध झाला आणि आज शंभरांहून अधिक वर्षांनीही तो अभ्यासिला जातो. त्या सत्रात विद्यार्थी मागच्या रांगेत बसला नव्हता, तो बोलत होता. ज्या विषमतेविषयी तो बोलत होता ती त्याने स्वतः भोगलेली होती. तेथील प्राध्यापकांनी त्या अनुभवाला अडगळ मानले नाही. त्या अनुभवाला शास्त्राची शिस्त लावण्यास त्यांनी जागा दिली. चर्चासत्राचे प्रयोजन यापेक्षा निराळे काय असू शकते?

याच डॉ. आंबेडकरांचा आमच्या जिल्ह्याशी आलेला एक संबंधही या विद्यार्थ्यांना ठाऊक असावयास हवा होता. १९५४ मध्ये त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि ते पराभूत झाले. मतदारसंघ दोन जागांचा होता. मतदाराला दोन मते देता येत होती. दुसऱ्या जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले. एकाच दिवशी एकाच मतदाराने दोन मतांचा उपयोग कसा केला आणि का केला, हा सामाजिक विषमतेच्या अभ्यासकास पुरून उरेल असा विषय आहे. तो आमच्या अंगणात पडलेला असताना आमचे विद्यार्थी शे-दीडशे आकृत्या डोळ्यांखालून घालून परत आले.

मग चर्चासत्रे अशी का झाली? अर्थशास्त्राचा शिक्षक या नात्याने मी याचे उत्तर माणसांच्या स्वभावात शोधणार नाही. मोबदल्याच्या रचनेत शोधीन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी शैक्षणिक कामगिरीचे गुण मोजण्याची पद्धत आणली. २०१८ च्या नियमावलीतील तक्त्यात निबंधवाचनाचे गुण असे होते : परदेशातील आंतरराष्ट्रीय चर्चासत्रास ७, देशातील आंतरराष्ट्रीय चर्चासत्रास ५, राष्ट्रीय चर्चासत्रास ३ आणि राज्य वा विद्यापीठ पातळीवरील चर्चासत्रास २. या क्रमाकडे वाचकांनी किंचित लक्ष द्यावे. स्थळ जितके दूर, तितके त्याचे मोल अधिक. तालुक्याच्या गावी बसून शेतमजुरांपुढे त्यांच्याच मजुरीचा हिशेब मांडणाऱ्यास या तक्त्यात जागा नाही, आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडले यास तर एकही गुण नाही. निबंध वाचणाऱ्याला गुण, भरविणाऱ्या महाविद्यालयाला मूल्यांकनात श्रेय, नोंदणीशुल्क भरणाऱ्याला प्रमाणपत्र. ज्या बाजारात ग्राहकाच्या समाधानाला किंमत नसते, तेथे माल कसा निपजतो हे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवितो.

या बाबतीत प्रस्तुत लेखक स्वतःला वेगळा काढू इच्छीत नाही. बढतीच्या वर्षांत घाईघाईने लिहिलेले निबंध मीही वाचले आहेत, आणि वाचून होताच गाडी गाठण्यासाठी मीही उठलो आहे. त्या वेळी मागच्या रांगेत कोण बसले होते, हे आज मला आठवत नाही. ते आठवत नाही, हीच खरी लाजेची गोष्ट आहे.

विषमतेवर चर्चा चालू असताना त्या सभागृहातच विषमतेचे केवढे नमुने हजर होते! व्यासपीठावर वेतन आयोगाप्रमाणे पगार घेणारे आम्ही स्थायी प्राध्यापक असंघटित कामगारांच्या असुरक्षिततेविषयी बोलत होतो. नोंदणीच्या टेबलामागे बसून पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या वाटणारे आमचेच तरुण सहकारी तासिका तत्त्वावर काम करणारे होते. नेट-सेट उत्तीर्ण होऊन, पीएच.डी. मिळवूनही जितके तास शिकविले तितक्याचेच मानधन त्यांच्या वाट्याला येते. तास नसलेल्या महिन्यांत तेही नाही, आणि पुढील वर्षी बोलावणे येईल की नाही याची शाश्वती नाही. त्यांपैकी कोणालाही "शिक्षण क्षेत्रातील विषमता" या सत्रात बोलावयास सांगितले गेले नाही. प्रतिनिधींच्या भोजनाचे दालन निराळे आणि विद्यार्थ्यांच्या पाकिटांची रांग निराळी होती. या गोष्टी क्षुल्लक आहेत असे कोणी म्हणेल. परंतु विषमता नेहमी अशाच क्षुल्लक वाटणाऱ्या व्यवस्थेतून अंगवळणी पडते, हे तर समाजशास्त्रच सांगते.

त्या दिवशीच्या एका निबंधात जातीय अत्याचारांच्या घटनांची यादी होती. त्यात खैरलांजीचे नाव आले आणि पुढील ओळीवर नजर सरकताच ते मागे पडले. खैरलांजी हे आमच्याच भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील गाव. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आमचे हे विद्यार्थी तेव्हा जेमतेम एक-दोन वर्षांचे होते. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशीची आणि दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. परंतु अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा या गुन्ह्यास लागू झाला नाही. गावातील प्रत्येकास ज्याची जात माहीत होती, त्याच्यावरील अत्याचारात जात न्यायालयापुढे सिद्ध होत नाही, हे कसे घडते? मच्छिमाराची चिठ्ठी आणि खैरलांजीचा निकाल यांतील दुवा येथे दिसतो. जे व्याख्येत बसत नाही किंवा पुराव्यात उतरत नाही, ते कायद्याला दिसत नाही आणि आमच्या तक्त्यांनाही दिसत नाही. विषमतेच्या चर्चेचा आरंभच मुळी कोणाची नोंद झाली नाही या प्रश्नापासून व्हावयास पाहिजे.

नोंद झाली म्हणजे काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या समितीने राज्यातील विभागांच्या विकासातील तफावत मोजली. १९८४ च्या तिच्या अहवालात सुमारे ३१८७ कोटी रुपयांचा अनुशेष दाखविला होता आणि त्यांतील सुमारे ३९ टक्के विदर्भाचा होता. त्या अहवालावर वाद पुष्कळ झाले, अनुशेष पुरा भरला असेही कोणी म्हणणार नाही. परंतु तोवर "विदर्भावर अन्याय" ही भाषणातील तक्रार होती, ती त्यानंतर उत्तर द्यावे लागेल असा आकडा झाली. याउलट, देशातील सर्व जातींची जनगणनेतील प्रसिद्ध झालेली मोजणी १९३१ ची आहे. पुढील जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जाहीर केला तो एप्रिल २०२५ मध्ये. मधल्या नऊ दशकांहून अधिक काळात आम्ही जातिविषमतेवर चर्चासत्रे अगणित भरविली, पण जात मोजली नाही.

तेव्हा, केवळ तक्रार करून न थांबता काही सूचना कराव्याशा वाटतात. त्या खर्चाच्या नाहीत. पहिली ही की, सामाजिक विषयावरील चर्चासत्रात निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा आणि त्यास कोणाही वक्त्याने, तो कितीही मोठा असो, हात लावू नये. दुसरी, ज्या विद्यार्थ्यांपुढे बोलावयाचे त्यांना समजेल अशा भाषेत बोलावे. मराठीतून अवघड विचार मांडता येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी तो विचार स्वतःला नीट समजला आहे काय, हे एकदा तपासून पाहावे. तिसरी, किमान एक सत्र विद्यार्थ्यांनी स्वतः केलेल्या गावपाहणीच्या वाचनास द्यावे. आपल्या गावात जमीन कोणाच्या नावावर आहे, कालव्याचे पाणी आधी कोणाच्या धानाला मिळते आणि शेवटच्या टोकाला कोण ताटकळतो, शिष्यवृत्तीचे पैसे हाती येईतो प्रवेशशुल्काची सोय कोणत्या घरी कशी होते, विडी वळणाऱ्या बाईच्या हाती हजार विड्यांमागे किती पडतात, या गोष्टी बी.ए.चा विद्यार्थी मोजू शकतो. आणि चौथी सूचना अशी की, विद्यापीठाने दर वर्षी एखादे तरी चर्चासत्र तालुक्याच्या गावी भरवावे.

ही शेवटची सूचना कोणाला हास्यास्पद वाटल्यास त्यांनी पवनीचाच इतिहास आठवावा. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. प्रा. शां. भा. देव आणि जगत्‌पती जोशी यांच्या देखरेखीखाली झालेल्या त्या कामात प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला आणि १९७२ मध्ये विद्यापीठाने त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी दगड देणाऱ्याचेही नाव नोंदवावे, असे कोणाला तरी वाटले होते. ते नाव वाचण्यासाठी विद्यापीठ पवनीला आले, टेकडीवर उन्हात बसले, मातीत हात घातले. मृतांची नावे वाचण्यासाठी जे विद्यापीठ येथवर आले, त्याला जिवंतांचे प्रश्न ऐकण्यासाठी हे अंतर फार वाटू नये.

परतीच्या गाडीतील त्या विद्यार्थ्याला मी त्या रात्री उत्तर दिले नाही. पुढील आठवड्यात वर्गात त्या विद्यार्थिनीची चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि तिच्यावर तास घेतला. एक तास पुरला नाही, तीन लागले. १८९४ चा कायदा वाचला, २०१३ ची व्याख्या वाचली. आपल्या गावातील कोणते घर कोणत्या व्याख्येत बसते आणि कोणते कोठेच बसत नाही, हे ज्याने त्याने घरी विचारून यावे असे ठरले. पुढे अर्थशास्त्र घ्यावयाचे नाही असे गाडीत म्हणणारा एक मुलगा त्या कामासाठी दोन रविवार फिरला. निराशा वाया गेली नाही, इतकेच तूर्त म्हणतो.

चर्चासत्राला इंग्रजीत जो शब्द आहे, त्या "सेमिनार"चे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्याचा अर्थ रोपवाटिका असा आहे. आमच्या धानाच्या मुलखात तो अर्थ कोणाला समजावून सांगावयास नको. पावसाच्या तोंडावर पऱ्हे टाकतात आणि पुढे रोवणी करतात. पऱ्हे कितीही हिरवेगार दिसले तरी ते त्याच वाफ्यात ठेवून कोणी पीक घेत नाही. ते उपटून चिखलाच्या बांधीत लावावे लागते, आणि लावणाऱ्यांना दिवसभर कमरेत वाकावे लागते. आमच्या विद्यापीठांतून पऱ्हे उदंड टाकले जातात. रोवणीला वाकावयास कोण तयार आहे, एवढाच प्रश्न उरतो.